आत गेलेला माणूस शोधायचा कसा?

(सोलापूर येथील जिल्हा कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उसाचा दर, दुधाचा दर, उजनीचे पाणी हे विषय सकाळी झाले. आता जो विषय आम्ही घेतो आहोत तो भावाचा नाही आणि कर्जाचाही नाही. पण आंदोलन झाले, की संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहतोच. रस्ता रोको होतो, पोलिसांच्या गाड्या येतात, माणसे भरून नेतात. रात्रीपर्यंत बहुतेक परत येतात. मग मोजदाद सुरू होते. गेले ४०, आले ३८. दोघे कुठे आहेत? कुणी म्हणतो सोलापूरला नेले, कुणी म्हणतो पंढरपूरला, कुणी म्हणतो केव्हाच सोडले, गेले असतील पाहुण्यांकडे. आणि तिकडे गावात म्हैस धारेची वेळ टळली म्हणून ओरडत असते आणि घरची बाई अंगणात उभी असते.

लाठीने आंदोलन मोडत नाही, हे आपण पुष्कळ वेळा पाहिले. आंदोलन मोडते ते या रात्री. आपला माणूस कुठे आहे, कसा आहे, हे ज्या घराला रात्रभर कळत नाही, त्या घरातून पुढच्या वेळी कुणी बाहेर पडत नाही. म्हणून आत गेलेला माणूस शोधणे हे वकिलाचे काम आहे असे समजू नका. ते आधी कार्यकर्त्याचे काम आहे. आणि हे काम ज्याला येते, तो गावातल्या कुणाच्याही उपयोगी पडतो. ज्याचा पोरगा भांडणात सापडला त्याच्या, ज्याचा भाऊ अपघाताच्या गुन्ह्यात अडकला त्याच्या, आणि कोर्टाच्या वॉरंटावर ज्याला उचलले त्याच्याही.

आधी रोग ओळखा

आम्ही शेतकीचे शिक्षण घेतले तेव्हा पहिली गोष्ट शिकलो ती ही, की पान पिवळे दिसले म्हणून लगेच फवारा मारायचा नसतो. लोह कमी पडले म्हणून पान पिवळे होते, मुळाशी पाणी साचले म्हणूनही होते. उपाय वेगळे. तसेच 'पोलिसांनी नेले' या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात, आणि प्रत्येकीत माणूस वेगळ्या जागी सापडतो.

पहिली गोष्ट, नुसते ताब्यात घेतले. महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम ६८ आणि ६९ आंदोलनवाल्यांच्या चांगल्या ओळखीचे आहे. रस्त्यावरून उचलतात, एखाद्या मैदानात किंवा मंगल कार्यालयात बसवून ठेवतात, प्रसंग निवळला की सोडतात. हा माणूस तुरुंगात शोधून सापडणार नाही, कारण तो तिथे गेलेलाच नाही.

दुसरी गोष्ट, प्रतिबंधक अटक. फौजदारी कार्यपद्धतीचा जुना कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुन्या कायद्यातले १५१ कलम तुम्हाला पाठ असेल, ते आता १७० झाले आहे. गुन्हा घडू नये म्हणून ही अटक करतात, आणि दुसरे कारण नसेल तर ती २४ तासांपुढे चालत नाही. ग्रामीण भागात पुढची कारवाई बहुधा तहसीलदारांपुढे चालते, कारण तेच कार्यकारी दंडाधिकारी. म्हणजे या माणसाचा माग तहसील कचेरीतही लागतो.

तिसरी गोष्ट, गुन्हा नोंदवून अटक. इथे पोलीस स्टेशनला गुन्ह्याचा नंबर पडतो आणि २४ तासांत माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. त्यातून फक्त प्रवासाला लागणारा वेळ वगळतात. हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आहे, आणि संहितेच्या कलम ५८ मध्येही आहे.

चौथी गोष्ट कोर्टानंतरची. कोर्ट एक तर पोलीस कोठडी देते, तिला सगळे 'पीसीआर' म्हणतात, नाहीतर न्यायालयीन कोठडी देते, ती 'एमसीआर'. पीसीआर मिळाली तर माणूस पोलिसांच्या लॉकअपमध्ये. एमसीआर मिळाली तर तुरुंगात. कोर्टाच्या आवारात कारकुनाला किंवा वकिलाला एवढेच विचारा, पीसीआर की एमसीआर? या एका उत्तराने निम्मी धावपळ वाचते.

पहिली रात्र

आता क्रमाने पाहू. सर्वांत आधी हे ठरवा, की घटना कुणाच्या हद्दीत झाली. सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे. बाकी जिल्हा पोलीस अधीक्षक, सोलापूर ग्रामीण यांच्याकडे आहे. दोघांचे नियंत्रण कक्ष वेगळे. एका ठिकाणी 'आमच्याकडे असे नाव नाही' असे उत्तर आले म्हणजे माणूस आत नाही, असा अर्थ नाही. तो दुसऱ्याच्या वहीत असू शकतो.

नियंत्रण कक्षाला हे विचारण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात नियंत्रण कक्ष हवा. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस स्टेशनला सहायक फौजदारापेक्षा कमी दर्जाचा नाही असा एक अधिकारी नेमलेला हवा. अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती त्याने ठेवायची, आणि ती पोलीस स्टेशनवर आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे लावायची. म्हणजे ही माहिती गुपित नाही. अमेरिकेत आपल्या जिल्ह्यासारखी काउंटी असते. तिथल्या पुष्कळ काउंट्यांचे शेरीफ आपल्या तुरुंगात कोण आहे याची यादी उघड ठेवतात. आपल्या कायद्यानेही यादी लावायला सांगितलेच आहे. फरक एवढाच, की आपण भिंतीकडे बघत नाही आणि यादी लावली नाही तर विचारत नाही.

पोलीस स्टेशनला गेल्यावर साहेब कुठे आहेत हे विचारत बसू नका. ठाणे अंमलदाराकडे जा. त्याच्यापुढे स्टेशन डायरी असते. दोघांनी जा, दहाजणांनी जाऊ नका. आवाज चढवू नका. रात्रपाळीच्या हवालदाराला दिवसा काय झाले ते पुष्कळदा खरोखरच ठाऊक नसते. त्याला चार प्रश्न विचारा. हा माणूस आपल्याकडे आहे का? कोणत्या कलमाखाली आहे? अटकेची वेळ काय नोंदली आहे? कोर्टात केव्हा आणि कोणत्या नेणार? उत्तरे वहीत लिहा, सांगणाऱ्याचे नाव आणि वेळ लिहा.

अटक केलेल्याच्या नातेवाइकाला, मित्राला किंवा तो सांगेल त्या माणसाला अटक झाल्याचे आणि कुठे ठेवले आहे हे लगेच कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ते कलम ४८. अटकेचा मेमो करायचा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची, ते कलम ३६. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ मध्ये आहे. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही. अपवादाची वेळ आली तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितले, की अटकेची कारणे माणसाला समजेल त्या भाषेत लेखी द्यायची. ताबडतोब देणे शक्य नसेल तर तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी कोर्टापुढे नेण्याच्या निदान २ तास आधी ती लेखी त्याच्या हातात पडली पाहिजेत.

पोलीस स्टेशनला पत्ता लागला नाही तर दवाखान्यात जा. अटक झाली की वैद्यकीय तपासणी करावी लागते. तालुक्याला ग्रामीण रुग्णालय, शहरात सिव्हिल. तिथल्या नोंदीत कोणत्या पोलीस स्टेशनने माणूस आणला ते असते. मागे एका दूध आंदोलनात आमच्या एका सहकाऱ्याचा पत्ता दीड दिवस लागेना. दोन पोलीस स्टेशननी 'नाही' म्हणून सांगितले होते. माणूस मधुमेही, रोज इन्सुलिन घेणारा. घरच्यांचा जीव टांगणीला. शेवटी एका ग्रामीण रुग्णालयात कळले, की आदल्या रात्री एकाला चक्कर आली म्हणून आणले होते. वहीत आडनाव चुकलेले, गाव शेजारच्या तालुक्याचे लिहिलेले. मूळ ठिकाणच्या लॉकअपमध्ये जागा नव्हती म्हणून त्याला तिसऱ्याच ठिकाणी ठेवले होते. कुणी लपवले नव्हते, पण नीट नोंदवलेही नव्हते. ज्याला औषध वेळेवर मिळाले नाही त्याला या दोन्हींत फरक काय?

कोर्ट आणि तुरुंग

दुसऱ्या दिवशी कोर्ट गाठा. ज्या पोलीस स्टेशनचा गुन्हा, त्या हद्दीच्या न्यायदंडाधिकाऱ्याचे कोर्ट. रविवार असला, दिवाळी असली तरी २४ तासांचा हिशेब थांबत नाही. सुट्टीच्या दिवशी रिमांडचे काम कोणत्या न्यायाधीशांकडे आहे ते आधीच ठरलेले असते. पोलीस स्टेशनला विचारा, वकिलांना विचारा. गुन्ह्याचा नंबर मिळाला तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येतो. ७ सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे तो २४ तासांत तिथे टाकायचा असतो. नाजूक गुन्हे त्यातून वगळले आहेत, म्हणून तिथे दिसला नाही याचा अर्थ गुन्हाच नाही असा नव्हे.

एमसीआर झाली असेल तर तुरुंग. काही तालुक्यांच्या गावी दुय्यम कारागृह असते, ज्याला आपण सबजेल म्हणतो. बहुधा ते तहसील कचेरीच्या आवारातच असते आणि त्याचा कारभार तहसीलदाराकडे असतो. त्यानंतर सोलापूरचे जिल्हा कारागृह. गर्दी झाली, शिक्षा लागली किंवा दुसरे काही कारण झाले, तर येरवडा, कोल्हापूरचे कळंबा असे मध्यवर्ती कारागृह. सोलापूरच्या माणसाला येरवड्याची वाट नवी नाही. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिले ते येरवड्यातच.

तुरुंगाच्या दारावर नुसते 'आमचा बाळू आत आहे का' असे विचारून भागत नाही. पूर्ण नाव, वडिलांचे नाव, वय, गाव, पोलीस स्टेशन आणि गुन्ह्याचा नंबर सांगा. कोर्टातून वॉरंट आल्याशिवाय तुरुंग माणूस घेत नाही, आणि घेतला की नोंद होतेच. तिथे नाव नसेल तर तीन शक्यता राहतात. तो अजून वाटेत आहे, नाहीतर दुसऱ्या तुरुंगात गेला आहे, नाहीतर पोलिसांनी पुन्हा ताब्यात घेतला आहे. नव्या संहितेत पोलीस कोठडीचे एकूण १५ दिवस एकदम घ्यायला लागत नाहीत, तुकड्यातुकड्याने घेता येतात. म्हणून सोमवारी तुरुंगात भेटलेला माणूस बुधवारी तिथे नसला तर घाबरू नका, कोर्टाच्या रोजनाम्यात काय लिहिले ते पाहा. मुलगा १८ वर्षांच्या आतला असेल तर त्याला लॉकअपमध्येही ठेवता येत नाही आणि तुरुंगातही नाही. त्याचा रस्ता बाल न्याय मंडळ आणि निरीक्षणगृहाकडे. वयाचा दाखला, शाळेचा असो की जन्माचा, पहिल्या दिवशीच न्या.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढ्याच्या मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावे. आपली शेते कर्नाटकाला लागून आहेत. तिकडच्या पोलिसांनी माणूस नेला तर इथल्या वहीत शोधून उपयोग नाही. पण दुसऱ्या जिल्ह्यात वॉरंटावर अटक झाली, तर माणूस जिथे राहतो त्या जिल्ह्यातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला, त्याला कुठे ठेवले आहे हे कळवले पाहिजे, असे कलम ८२ मध्ये आहे. म्हणून पहिला प्रश्न आपल्याच जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला विचारा.

'आमच्याकडे नाही'

आता अवघड भाग. सगळे दरवाजे ठोठावले आणि सगळे म्हणतात, आमच्याकडे नाही. पण नेताना चारजणांनी पाहिले आहे. काय करायचे?

१९९४ सालची गोष्ट ऐका. जोगिंदर कुमार नावाचा २८ वर्षांचा वकील. ७ जानेवारीला गाझियाबादच्या वरिष्ठ पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत त्याला चौकशीला बोलावले. भावाला सांगितले, संध्याकाळी सोडतो. संध्याकाळ झाली, सोडले नाही. दुसरा दिवस गेला. मग कळले, की अज्ञात ठिकाणी नेले आहे. घरच्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ११ तारखेला न्यायालयाने नोटीस काढली आणि १४ तारखेला अधिकारी त्याला घेऊन हजर झाले. वर म्हणाले, आम्ही अडकवलेच नव्हते, तो आम्हाला तपासात मदत करत होता. वकिलाची ही गत, तर कोरडवाहू शेतकऱ्याची काय? २५ एप्रिल १९९४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की अटकेचा अधिकार आहे म्हणून अटक करायची नसते, आणि केली तर त्याच्या माणसाला कळवलेच पाहिजे.

त्याच्याही आधी आपल्या महाराष्ट्रात शीला बारसे या पत्रकार बाईंनी मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांची हकीकत सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवली. १५ फेब्रुवारी १९८३ ला आदेश झाला, की अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला आणि कैद्याच्या नातलगाला कळवायचे. पश्चिम बंगालच्या डी. के. बसूंनी २६ ऑगस्ट १९८६ ला कोठडीतल्या मृत्यूंबद्दल एक पत्रच लिहिले होते. त्यातून १८ डिसेंबर १९९६ चा निकाल आला आणि त्यात अटकेसाठी ११ नियम घालून दिले. भावांनो, हे सगळे कायदे आकाशातून पडले नाहीत. कुणीतरी कागद हातात घेतला, तारीख घातली आणि पाठवला. म्हणून तुम्हीही कागद घ्या.

मजकूर चार ओळींचा पुरे. अमुक माणसाला अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणाहून, अमुक नंबरच्या गाडीतून नेले. पाहणारे अमुक. तो कुठे आहे ते कळवावे. त्याला अमुक आजार आहे, औषध चालू आहे. त्या वेळचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. हा शेवटचा मुद्दा विसरू नका, कारण २ डिसेंबर २०२० च्या निकालाने प्रत्येक पोलीस स्टेशनला सीसीटीव्ही बंधनकारक केले आहेत. अर्ज पोलीस स्टेशनला द्या आणि पोच घ्या. पोच देत नाहीत? मग तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना ई-मेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा. पूर्वी आपण तार करायचो. तारसेवा २०१३ साली बंद झाली, पण तारेचे काम ई-मेल करतो. त्यावर तारीख आणि वेळ आपोआप पडते.

माहितीच्या अधिकारातही एक वाट आहे. माणसाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असलेली माहिती ३० दिवसांत नव्हे, ४८ तासांत द्यावी लागते. अर्जावर तसे ठळक लिहा. आणि शेवटचे हत्यार हेबियस कॉर्पस, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरण याचिका. माणूस आमच्यापुढे आणा आणि का ठेवला ते सांगा, असा हुकूम उच्च न्यायालय देऊ शकते. आणीबाणीत हाच दरवाजा बंद झाला होता. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानेच तो बंद केला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयासह ९ उच्च न्यायालयांनी त्याआधी वेगळा कौल दिला होता. पुढे घटना बदलली, आणि २०१७ मध्ये तो निकालही चुकीचा ठरवला गेला. आता आपल्याला मुंबईची गाडी धरायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे.

पैसे कुठून आणायचे? कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समित्या आहेत, फोन १५१००. तुरुंगाच्या दारात जो 'आतली ओळख आहे' म्हणून पैसे मागतो, त्याला तिथेच वाट दाखवा.

खोटी अटक

अलीकडे एक नवी कीड आली आहे. फोन येतो, तुमच्या पोराला पकडले आहे, आत्ता पैसे टाका, नाहीतर गुन्हा दाखल करतो. मागे रडण्याचा आवाजही ऐकवतात. कुणी व्हिडिओवर पोलिसाच्या वेषात बसून म्हणतो, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. फोन ठेवा. आधी पोराला फोन करा, मग नियंत्रण कक्षाला विचारा, नाव आहे का, कोणत्या पोलीस स्टेशनला, कोणते कलम. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा. खरी अटक ओळखता येणारा माणूस खोट्या अटकेला बळी पडत नाही.

पेरणीआधीची तपासणी

सोयाबीन पेरण्याआधी आपण १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतो. पेरल्यावर तपासून काय उपयोग? तसेच हे काम आंदोलनाच्या आदल्या दिवशी करायचे. प्रत्येक गावाने यादी करावी, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, वय, आजार, चालू औषध, घरचा एक फोन. यादीच्या तीन प्रती. एक गावात राहणाऱ्याकडे, एक तालुक्याच्या कार्यकर्त्याकडे, एक वकिलाकडे. मोबाईल काढून घेतात, म्हणून एक नंबर पाठ असावा. औषधाची चिठ्ठी खिशात असावी. प्रत्येक गाडीमागे एकाने गाडीचा नंबर आणि वेळ लिहावी, आणि त्याने स्वतः गाडीत चढू नये. कोऱ्या कागदावर कुणी सही करू नये. आणि गावात राहणाऱ्यांनी आत गेलेल्याच्या घरच्या धारा काढाव्यात, पाण्याची पाळी असेल तर दारे धरावीत. हे शेवटचे कोणत्याही संहितेत नाही, पण त्याच्यावाचून बाकी सगळे लंगडे आहे.

यादी करायला अर्धा तास लागतो. आज जेवणानंतर तालुकावार बसून कोरे तक्ते घेऊन जा. पुढच्या बैठकीला येताना ते भरून आणा. कोणत्या तालुक्याचा तक्ता आला आणि कोणत्या तालुक्याचा राहिला, ते आपण इथे सर्वांसमोर वाचून दाखवणार आहोत.